बाबासाहेबांचा संसार



आपल्या विहाराच्या स्मरणिकेत परमपूज्य बाबासाहेबांवर लेख असतोच, आणि तो असायलाच हवा. चवदार तळे, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा हे सारे आपल्या वस्तीतल्या लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. म्हणून यंदा आम्ही त्यांच्या जीवनाच्या एका वेगळ्या बाजूवर लिहायचे ठरवले. ती बाजू म्हणजे त्यांचे घर. एका पारड्यात कायदेमंडळ, मंत्रिपद, निवडणूक. दुसऱ्या पारड्यात बायको, मुले, स्वतःची प्रकृती. हा तराजू बाबासाहेबांच्या हातात आयुष्यभर होता. तो त्यांनी कसा धरला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आपण फारसे बोलत नाही. आम्ही विद्वान नाही. गिरणीत साच्यावर उभे राहून, पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडून जे ऐकले, तेवढ्याच शिदोरीवर हे लिहीत आहोत.

बाजारातले लग्न

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. आई लहानपणीच गेली. आत्या मीराबाईंनी सांभाळ केला. पुढे सुभेदार मुलांना घेऊन मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहिले. म्हणजे आपल्याच गिरणगावात. एका खोलीत सगळे बिऱ्हाड, त्यातच चूल, त्यातच सरपण आणि त्यातच पोराचा अभ्यास. स्वतः जागून पोराला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवणारा बाप त्यांना लाभला होता. तेव्हा घर म्हणजे काय हे बाबासाहेबांना ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. घराच्या आधारावरच ते उभे राहिले होते.

१९०६ च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. नवरा पंधरा वर्षांचा, नवरी नऊ वर्षांची. नवरी म्हणजे दापोलीजवळच्या वणंद गावच्या भिकू धुत्रे यांची मुलगी रमा. हे धुत्रे दाभोळच्या बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचे. आईबाप लवकर गेले आणि भावंडे काकामामांबरोबर मुंबईत आली. लग्नाला मांडव नव्हता. भायखळ्याचा बाजार रात्री उठल्यावर त्याच्या छपराखाली लग्न लागले. पहाटे मासळीवाल्या यायच्या आत जागा मोकळी करून दिली. असा हा संसार सुरू झाला.

पहिला हिशेब

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. १९१२ साली बी.ए. झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुलगा यशवंत जन्मला. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार गेले. घरातला कर्ता आधार तुटला, पदरात काही महिन्यांचे मूल आणि बायको पंधरा-सोळा वर्षांची. आपल्यापैकी कोणीही अशा वेळी काय केले असते? नोकरी धरली असती आणि चार पैसे घरात आणले असते. कोणी नावही ठेवले नसते.

बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब त्याच वर्षी अमेरिकेला गेले. शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड. त्यातच राहणे, खाणे, पुस्तके घेणे आणि उरले तर घरी पाठवणे. कोलंबिया विद्यापीठात ते अठरा-अठरा तास वाचत होते हे आपण भाषणात सांगतो. त्याच वेळी मुंबईत रमाई काय करीत होत्या हे मात्र सांगायचे राहून जाते. शेण गोळा करून त्यांनी गोवऱ्या थापल्या, विकल्या, घर ओढले. कोणापुढे हात पसरला नाही. बाबासाहेब १९१७ साली परतले. पुढच्या वर्षी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार साडेचारशे रुपये! त्या काळी हा पगार म्हणजे केवढा, ते गिरणी कामगाराच्या घरात विचारावे. आता तरी सुखाचे दिवस आले असे रमाईंना वाटले असेल तर त्यात गैर काय?

पण त्या पगारातूनही बाबासाहेबांनी काटकसरीने पैसे बाजूला टाकले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० साली ते अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले. पुन्हा तीन वर्षे. रमाई पुन्हा परळच्या चाळीत. बाबासाहेब तिकडे अर्धपोटी राहून वाचत होते आणि रमाई इकडे अर्धपोटी राहून घर राखत होत्या. एकाच घरातली दोन माणसे सात समुद्रांच्या दोन काठांवर उपाशी होती. फरक एवढाच की तिकडच्या उपाशीपणाला पदवी मिळाली, इकडच्या उपाशीपणाला कुठले विद्यापीठ पदवी देणार?

राजरत्न गेला आणि पद आले

एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले. वकिली सुरू केली. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी, आणि घर जवळच बी.आय.टी. चाळीत, दोन खोल्यांचे. एका खोलीत पुस्तके आणि दुसरीत सगळा संसार.

या संसारावर मृत्यूने किती घाले घातले! यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी पाच मुले झाली. त्यातला एक यशवंतच जगला. धाकटा राजरत्न बाबासाहेबांचा फार लाडका. जुलै १९२६ मध्ये तो न्यूमोनियाने गेला. त्या धक्क्याने बाबासाहेब इतके खचले की, आता संसारात गोडी उरली नाही अशा अर्थाचे पत्र त्यांनी दत्तोबा पवार या स्नेह्याला लिहिले. सिंहासारखा माणूस, पण मुलाच्या मरणाने मोडून पडला. ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

याच वर्षाच्या अखेरीस मुंबई सरकारने त्यांची कायदेमंडळावर नेमणूक केली. बाबासाहेबांच्या हाती आलेले हे पहिले मोठे पद. लेक गेल्याला सहा महिनेही झाले नव्हते. बायको दुःखाने आणि आजाराने खंगलेली. १९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी शपथ घेतली आणि मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी थोरले भाऊ आनंदरावही गेले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद यांचाही भार घरावर आला. म्हणजे ज्या वर्षाला आपण क्रांतीचे वर्ष म्हणतो, त्या वर्षी त्या दोन खोल्यांत सुतक फिटत नव्हते.

आता पुढचे नीट बघा. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात एक विधेयक आले. कारखान्यात काम करणाऱ्या बायांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर सक्तीची विश्रांती मिळावी आणि त्या काळात काही पैसेही मिळावेत असे ते विधेयक होते. मालकवर्गाचे लोक म्हणत होते, गिरण्यांवर हा बोजा कशाला? बाबासाहेब उठले आणि त्यांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला. आई आणि मूल जगणे यात सगळ्या देशाचे हित आहे, तेव्हा त्याचा खर्च सरकारनेही उचलावा, आणि बाईच्या कष्टाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी आयाबाया वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात कामाला होत्या. भोंगा झाला की पोर पाळण्यात टाकून त्या पळायच्या. त्यांच्या पदरात हा कायदा पडला. ज्या बापाने चार लेकरे पुरली, तो दुसऱ्यांची लेकरे जगावीत म्हणून कायदेमंडळात उभा राहिला, असा याचा अर्थ आम्ही लावतो. असा अर्थ त्यांनी स्वतः कुठे सांगितलेला नाही.

रमाईंचे जाणे

त्यानंतरची वर्षे धावपळीची होती. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह, त्याच वर्षी लंडनची गोलमेज परिषद, १९३१ साली दुसरी परिषद आणि १९३२ साली पुणे करार. घरात नवरा किती दिवस असेल याचा हिशेब आपणच करावा. रमाईंना पंढरपूरला जायची ओढ होती. जिथे आपल्या माणसाला देवाच्या पायरीपासून लांब उभे राहावे लागते ते पंढरपूर कशाला, आपण दुसरे पंढरपूर उभे करू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. धारवाडच्या वसतिगृहातली मुले उपाशी आहेत हे कळल्यावर रमाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या ही आठवण जुने लोक अजून सांगतात. चळवळीत त्या अशा होत्या. व्यासपीठावर फारशा दिसल्या नाहीत, पण व्यासपीठ ज्या खांबांवर उभे होते त्यातला एक खांब त्या होत्या.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. सारा जन्म दोन खोल्यांत गेल्यावर रमाईंना प्रशस्त घर मिळाले, पण त्यात राहायला आयुष्य उरले नव्हते. २७ मे १९३५ रोजी त्यांनी देह ठेवला. वय अवघे सदतीस. बाबासाहेबांनी डोके मुंडवले, काही दिवस भगवी वस्त्रे घातली आणि संसारातून मन काढून घेतले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. तो त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. तिचे चांगले मन, तिचा शुद्ध स्वभाव आणि दारिद्र्याच्या दिवसांत तिने दिलेली साथ त्यांनी तिथे कृतज्ञतेने नमूद केली. राजकारणावरच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर एका न शिकलेल्या कोकणी बाईचे नाव आहे. हे ऋण ते विसरले नव्हते.

मतपेटी, मजूर आणि आठ तास

रमाई गेल्या त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबईतून ते निवडणुकीला उभे राहिले. समोर काँग्रेसने नामांकित क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांना उभे केले होते. सुमारे दोन हजार मतांनी बाबासाहेब निवडून आले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क काढून घेणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी एक दिवसाचा संप केला, त्यातही ते आघाडीवर होते. त्याच महिन्यात त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे बाबासाहेबांचीच तयारी होती. एकामागून एक बाळंतपणात बाई कशी झिजते हे त्यांनी पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. दिल्लीला मोठा बंगला मिळाला. बंगल्यात नोकरचाकर होते, पुस्तके होती, पण घरचे माणूस नव्हते. रात्ररात्र वाचन, जेवणाला काळवेळ नाही. मधुमेह, सांधेदुखी, पायांच्या वेदना तिथेच बळावल्या.

या मंत्रिपदावर बसून त्यांनी काय केले? कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी त्यांच्याच काळात झाली. त्यातून १९४८ सालचा राज्य विमा कायदा झाला. कारखाना कायद्यात १९४६ साली दुरुस्ती होऊन आठवड्याच्या कामाचे तास चौपन्नवरून अठ्ठेचाळीसवर आले. म्हणजे दिवसाला आठ तास. बाकीच्या तासांचे काय? ते तास घरचे झाले. मुलाला शाळेत पोचवायला, आजारी आईजवळ बसायला, चाळीच्या जिन्यात चार शब्द बोलायला आणि रात्रीच्या शाळेत जायला. आम्ही अक्षरओळखीच्या पुढे जे काही शिकलो ते पाळीनंतरच्या तासांत शिकलो. ज्या माणसाला दिल्लीच्या बंगल्यात कोणी जेवायला हाक मारणारे नव्हते, त्याने आपल्याला घरी जेवायला जाण्याची वेळ मिळवून दिली.

दुसरे लग्न आणि आपला समाज

१९४६ च्या निवडणुकीत आपल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा मोठा पराभव झाला. घटना समितीत जायला मुंबईचा दरवाजा बंद होता. तेव्हा बंगालच्या जोगेंद्रनाथ मंडल यांनी त्यांना तिकडून निवडून आणले. फाळणीने ती जागा गेली, मग मुंबईतून त्यांची निवड झाली. ऑगस्ट १९४७ मध्ये ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षही.

काम डोंगराएवढे आणि शरीर थकलेले. रात्री पायांच्या कळांनी झोप नाही. घरात सतत देखभाल करणारे माणूस हवे असे डॉक्टर सांगू लागले. रमाईंनंतर पुन्हा लग्न करायचे नाही असा त्यांचा निश्चय होता. तो मोडावा की काम अर्धवट टाकून देह ठेवावा, असा पेच होता. हे सारे त्यांनी दादासाहेब गायकवाडांना पत्राने मोकळेपणी कळवले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीच्या राहत्या घरी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब.

या लग्नावरून आपल्या समाजात पुष्कळ बोलले गेले. बाबासाहेबांच्या निधनानंतर तर माईसाहेबांवर नाही नाही ते आरोप झाले आणि अनेक वर्षे त्यांना एकाकी राहावे लागले. २९ मे २००३ रोजी त्या गेल्या. आमचे स्पष्ट मत असे आहे की त्यांच्यावर अन्याय झाला. आजारी माणसाचे पथ्यपाणी, औषधे, इंजेक्शने सांभाळणे म्हणजे काय ते घरोघरच्या बायांना विचारा. १९४८ नंतर घटना पूर्ण झाली, बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहून झाला, नागपूरला दीक्षा झाली. या साऱ्यात त्या सेवेचा वाटा आहे. दीक्षा घेताना १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या बाबासाहेबांच्या शेजारी उभ्या होत्या. रमाईंना आई म्हणावे आणि माईसाहेबांना परके मानावे हे आम्हाला पटत नाही.

खुर्ची सोडणारा माणूस

कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी जीव ओतला तो हिंदू कोड बिलात. मुलीला बापाच्या इस्टेटीत वाटा, एका वेळी एकच बायको, छळ होत असेल तर काडीमोडाचा हक्क, अशा त्यातल्या तरतुदी. थोडक्यात, घरातल्या बाईला माणूस म्हणून उभे करणारा कायदा. संसदेत त्याला कडाडून विरोध झाला. चार वर्षे रेंगाळत ठेवून सप्टेंबर १९५१ मध्ये ते बिल बाजूला टाकले गेले. बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याला आणखीही कारणे होती. मागासलेल्या वर्गांकडे होणारे दुर्लक्ष आणि परराष्ट्र धोरण हीही त्यात होती. पण बिलाची कत्तल हे मोठे कारण होते.

या ठिकाणी थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते. लेकाच्या मरणाचे दुःख गिळून ज्याने पद घेतले होते, त्यानेच ते पद पंचवीस वर्षांनी एका झटक्यात सोडले. का? कारण पदासाठी त्यांनी घर सोडलेच नव्हते. त्यांनी घर सोडले ते कामासाठी. पदाने काम होईना तेव्हा पदाला किंमत उरली नाही. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये त्या बिलाचे तुकडे करून चार वेगवेगळे कायदे झाले. हे कायदे आपल्या बौद्ध समाजालाही लागू आहेत. २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीने झाला. आपल्या वस्तीतल्या किती भावांनी बहिणींना हे आपणहून सांगितले, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावा.

राजीनामा दिला तेव्हा बाबासाहेब साठ वर्षांचे होते. डोळे अधू, पाय साथ देत नव्हते. आता घरी बसून ग्रंथ लिहिले असते तर कोणी बोट दाखवले नसते. तरी १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. ज्याने घटना लिहिली त्याला त्याच घटनेखालच्या पहिल्या निवडणुकीत मुंबईने हरवले! नंतर ते राज्यसभेवर गेले. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली, तिथेही हार झाली. दोन्ही वेळा शरीर नको म्हणत होते. पण आपल्या माणसांचा आवाज लोकसभेत जावा ही तळमळ शरीराचे ऐकत नव्हती. या पराभवाने त्यांचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही. १९५२ च्या मतांचे आकडे आज किती जणांना आठवतात? दोन वर्षांनी, १९५६ च्या ऑक्टोबरात, नागपुरात लाखो माणसांनी त्यांना जे मत दिले ते कोणत्याही मतपेटीत मावणारे नव्हते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी लाखोंच्या साक्षीने यशवंतरावांनी अग्नी दिला. पाच मुलांतला हा एकटा उरलेला मुलगा. लहानपणी बाप परदेशात, मोठेपणी बाप चळवळीत. भैयासाहेबांच्या वाट्याला वडील फार थोडे आले. तरी वडिलांच्या मागे भारतीय बौद्ध महासभेची धुरा त्यांनीच वाहिली, खेडोपाडी धम्म पोचवला आणि १९७७ साली ते गेले. त्यांचेही स्मरण या निमित्ताने करू या.

आपण काय घ्यायचे

आता आपल्या घरचे बोलू. आपल्यात पुष्कळ कार्यकर्ते असे आहेत की घरात पीठ नाही याचा पत्ता नसतो, पोराची फी थकलेली असते, बायको चार घरची धुणीभांडी करते, आणि हे मंडळाच्या अध्यक्षपदासाठी भांडत असतात. विचारले की सांगतात, बाबासाहेबांनी तरी संसाराकडे कुठे पाहिले? हे बोलणे बंद झाले पाहिजे. बाबासाहेबांनी संसाराकडे पाहिले होते. त्यासाठी ते रडले होते, त्याचे ऋण त्यांनी ग्रंथाच्या पहिल्या पानावर मान्य केले होते. आणि घरापासून तोडलेल्या वेळाची भरपाई त्यांनी कोट्यवधी घरांना कायद्याने करून दिली. आपण घरापासून वेळ तोडतो आणि त्याचे काय करतो? नुसत्या सभा, नुसती भांडणे आणि वर्गणीच्या पावत्या!

म्हणून पद घेण्याआधी प्रत्येकाने तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात असे आम्ही सुचवतो. मी बाहेर असताना घर कोण ओढणार आहे, आणि त्या माणसाला मी हे विचारले आहे का? या पदाने कोणाचे कोणते काम होणार आहे? आणि ते काम होत नसेल तर खुर्ची सोडायची माझी तयारी आहे का? या तिन्हींची उत्तरे मिळाली तर खुशाल निवडणूक लढवा, मग ती विहाराच्या कमिटीची असो की संसदेची. उत्तरे नसतील तर आधी घरी बसून मुलाचा अभ्यास घ्या. तेही बाबासाहेबांचेच काम आहे.

आणखी एक. १९८२ च्या संपात गिरणगावातली घरे कोणी तगवली? आपल्या बायांनी. कोणी भाजी विकली, कोणी खानावळीचे डबे केले, कोणी मंगळसूत्रातले मणी मोडले. आपल्या विहारातही झाडलोट, पौर्णिमेची खीर, पाहुण्या भंतेजींचे भोजनदान हे सारे त्याच करतात. कमिटीच्या नावांत मात्र त्या शोधाव्या लागतात. रमाईंच्या जयंतीला सात फेब्रुवारीला आपण फोटोला हार घालतो. तो घालावाच. पण त्याबरोबर येत्या वर्षी कमिटीच्या निम्म्या जागा उपासिकांना द्याव्यात आणि त्या सभेला बसतील तेव्हा घरची भाकरी पुरुषांनी थापावी, अशी आमची या स्मरणिकेतून जाहीर सूचना आहे. ज्यांना ती पटत नसेल त्यांनी वार्षिक सभेत उभे राहून बोलावे. आम्ही तिथे असू.

नमो बुद्धाय! जयभीम!